माया लोक गायब झाले नाहीत, त्यांचे राजे गेले

२०१२ चा डिसेंबर आठवतोय? आमच्या घरी रात्रीचं जेवण टीव्हीसमोरच व्हायचं आणि एका न्यूज चॅनलवर जवळजवळ महिनाभर तोच रतीब चालू होता, २१ तारखेला जग बुडणार, माया कॅलेंडर संपतंय, मागे आगीचे गोळे आणि तो घुमणारा आवाज. माझी भाची तेव्हा तिसरीत होती, आमच्याकडे राहायला आलेली, ती पोर इतकी घाबरली की २० तारखेला रात्री दिवा मालवू देईना, मला विचारत होती, मावशी उद्याचा होमवर्क करायचा का गं? आणि मी तिला नुसतं 'काही होत नाही, झोप' म्हणत राहिले, कारण माया म्हणजे मध्य अमेरिकेच्या जंगलातले पिरॅमिड आणि 'गूढरीत्या नाहीशी झालेली संस्कृती' यापलीकडे मलाच काही माहीत नव्हतं. त्या रात्री तिला नीट उत्तर देता आलं नाही हे मला फार लागलं. म्हणून मी वाचायला लागले आणि जे हाती आलं त्याने माझा या 'गूढ' शब्दावर कायमचा राग बसला.

कारण २०१२ ची ती तारीख मुळात दगडावर का कोरली गेली हे आपल्याला माहीत आहे. ग्वातेमालाच्या उत्तरेला ला कोरोना नावाची एक छोटीशी जागा आहे, तिथल्या एका जिन्याच्या पायरीवर ५६ अक्षरचिन्हं कोरलेली आहेत आणि ती नेमकी २०१२ सालीच उजेडात आली. त्यात लिहिलंय की इसवी सन ६९६ मध्ये कालाकमुल नावाच्या बलाढ्य माया शहराचा राजा युक्नूम यिचाक काक इथे पाहुणा म्हणून आला होता. आता मजकूर एवढाच, पण त्याच्या आदल्याच वर्षी म्हणजे ऑगस्ट ६९५ मध्ये ह्या राजाचा टिकाल ह्या वैरी शहराच्या राजाने दणदणीत पराभव केला होता, आणि तो त्या लढाईतच मेला किंवा पकडला गेला असं अभ्यासक कितीतरी वर्षं धरून चालले होते. तो मेला नव्हता. तो हरल्यावर सहा महिन्यांच्या आत आपल्या छोट्या छोट्या मित्रराज्यांकडे निघाला होता, मी अजून आहे, आमचं घराणं अजून आहे हे सांगायला. आणि तिथे त्याने स्वतःला '१३ कातुनांचा स्वामी' म्हणवून घेतलं, कारण ६९२ मध्ये तेरावा कातुन (साधारण वीस वर्षांचा काळ) त्याच्या कारकिर्दीत पुरा झाला होता, आणि मग त्या १३ चा धागा पार पुढे नेऊन बांधला त्या दिवसाशी ज्या दिवशी १३ बाकतुन (वीस कातुनांचा एक, साधारण चारशे वर्षांचा) पुरे होणार होते, आपल्या हिशेबाने २१ डिसेंबर २०१२.

म्हणजे बघा, एक हरलेला राजा आपल्या मांडलिकांना धीर देतोय की माझी सत्ता एवढ्या लांबच्या काळाला बांधलेली आहे, घाबरू नका. आणि तेरा शतकांनी त्याच तारखेवर आपण एका तिसरीतल्या पोरीला जग बुडणार म्हणून घाबरवलं!

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी मनापासून सांगतेय, की माया लोकांबद्दल बोलताना 'गूढ' हा शब्द आपण सोडून द्यायला हवा, पाठ्यपुस्तकातनं, यूट्यूब व्हिडिओतनं, व्हॉट्सअ‍ॅपवरनं, सगळीकडनं. गूढ म्हटलं की कोणी, कशासाठी, कोणाच्या जिवावर हे प्रश्नच विचारायचे राहून जातात. आणि माया राजांचं राज्य कसं चालायचं, ते का मोडलं, ह्यात गूढ कमी आणि राजकारण जास्त आहे, आपल्याला सहज कळेल असं राजकारण.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढायला हवी, माया साम्राज्य नावाचं काही कधी नव्हतंच. इसवी सन २५० ते ९०० ह्या काळात आजच्या ग्वातेमाला, बेलीझ, दक्षिण मेक्सिको आणि होंडुरासच्या पश्चिम टोकाला पन्नासहून जास्त राज्यं होती, बऱ्याच वेळा एक राजधानी आणि आजूबाजूचा दोन-तीन दिवसांच्या चालीचा मुलूख एवढंच एक राज्य. प्रत्येकाचा आपला 'कुहुल अहाव', म्हणजे पवित्र राजा. त्यांच्याकडे घोडे नव्हते, बैल नव्हते, ओझं वाहणारं जनावरच नव्हतं, चाकाची गाडी नव्हती, जे काय जायचं ते माणसाच्या पाठीवरून. आता तुम्हीच विचार करा, शंभर किलोमीटर लांबच्या शहरात सैन्य नेऊन तिथे कायमचं ठेवायचं तर त्या सैन्याचा मकासुद्धा कोणीतरी पाठीवर वाहून न्यायचा. म्हणून तिथल्या बड्या राजांनी मुलूख गिळला नाही, राजे ताब्यात ठेवले. हरलेल्याची गादी तशीच ठेवायची, त्याच घराण्यातला आपल्या मर्जीतला माणूस बसवायचा, त्याच्याकडून खंडणी घ्यायची, आपल्या मुली तिथे द्यायच्या.

हे सगळं भाषेतच दिसतं. 'अहाव' म्हणजे राजा आणि 'यहाव' म्हणजे 'त्याचा राजा', म्हणजे अमक्याचा मांडलिक. सुरुवातीच्या एका आवाजात सगळा मान-अपमान! एखाद्या राजाच्या राज्याभिषेकाच्या शिळेवर शेवटी एक छोटं वाक्य असतं, की हे अमक्याच्या देखरेखीखाली झालं, आणि अभ्यासकांनी अशी वाक्यं गोळा करून मांडली तेव्हा कोण कोणाच्या खिशात होतं ह्याचा नकाशाच तयार झाला. त्या नकाशात दोन मोठी केंद्रं होती, टिकाल आणि सापाचं चिन्ह लावणारं 'कानुल' घराणं, जे आधी झिबांचेला होतं आणि ६३५ च्या सुमारास कालाकमुलला आलं. टिकाल आणि कालाकमुल ह्यांच्यात अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. ह्या दोघांच्या वैरात शे-दीडशे वर्षं आजूबाजूची सगळी राज्यं भरडून निघाली.

काराकोल ह्या राज्याचंच घ्या. ५५३ साली तिथला राजा टिकालच्या देखरेखीखाली गादीवर बसला. तीनच वर्षांनी टिकालने काराकोलवरच हल्ला केला, आणि ५६२ मध्ये टिकालचाच पाडाव झाला. त्यामागे काराकोल आणि त्याच्या पाठीशी उभं राहिलेलं साप घराणं होतं असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यानंतर टिकालमध्ये जवळजवळ १३० वर्षं तारीख घातलेली एकही शिळा उभी राहिली नाही. शहर ओस पडलं नव्हतं, माणसं राहत होती, शेती चालू होती, फक्त राजाचा आवाज बंद झाला होता. ह्या १३० वर्षांच्या शांततेला जुनी पुस्तकं गूढच म्हणायची. नाही हो, ती हरलेल्या गावाची शांतता होती.

सगळ्यात जीवघेणी गोष्ट मात्र दोस पिलासची आहे. टिकालच्या घराण्यातला एक मुलगा, बालाह चान काविल, जन्म ६२५. चार वर्षांचा असताना त्याला दक्षिणेला दोस पिलास नावाच्या ठाण्यावर बसवलं, टिकालचा आपला माणूस तिकडच्या नदीच्या वाटेवर असावा म्हणून. तो मोठा झाला, कालाकमुलने त्याच्यावर हल्ला केला, तो पळाला, आणि मग त्याने पक्ष बदलला. कालाकमुलचा मांडलिक झाला आणि स्वतःच्याच टिकालच्या विरुद्ध लढायला लागला, शिवाय टिकालचंच राजचिन्ह वापरत राहिला, म्हणजे खरा वारस मीच. समोर टिकालच्या गादीवर होता नून उहोल चाक, दोघं सख्खे किंवा सावत्र भाऊ असावेत असा अंदाज आहे. भाऊबंदकी हा शब्द ज्या भाषेत आहे त्या भाषेतल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. ६७२ मध्ये टिकालने त्याला हाकललं, पाच वर्षं तो बाहेर होता, ६७७ मध्ये परत आला, ६७९ मध्ये त्याने टिकालला हरवलं, आणि त्या विजयाचं वर्णन त्याच्या जिन्यावर कोरलंय, रक्ताची तळी झाली आणि टिकालकरांच्या कवट्यांचे डोंगर रचले गेले, आणि मग राजा नाचला. ह्या जिन्याच्या बऱ्याच पायऱ्या २००१ साली वादळात एक झाड मुळासकट उपटलं गेलं तेव्हा उघड्या पडल्या. एका झाडाखाली ही सगळी भाऊबंदकी तेराशे वर्षं पडून होती.

पण हा जो विजय होता तो नक्की कोणाचा? बालाह चान काविलला वाटलं असेल आपला. फायदा कालाकमुलचा झाला, टिकालकर टिकालकरांशी लढून खचले आणि कालाकमुलला घरबसल्या जय मिळाला. अशा लढायांना आजकाल प्रॉक्सी वॉर म्हणतात. आणि त्याच बालाह चान काविलची मुलगी, वाक चान अहाव, ६८२ मध्ये नारांहो नावाच्या राज्यात पाठवली गेली, तिथलं घराणं जवळजवळ संपलेलं, ते पुन्हा उभं करायला. तिने वाढवलेल्या मुलाला ६९३ मध्ये वयाच्या पाचव्या वर्षी गादीवर बसवलं आणि लगेच त्याच वर्षापासून नारांहोने आजूबाजूची गावं जाळायला सुरुवात केली. पाच वर्षांचं पोर युद्ध करत नाही, करत होती ती बाई. तिच्या शिळेवर ती हातात पूजेचं ताट घेऊन उभी आहे आणि पायाखाली एक बांधलेला कैदी आडवा पडलेला आहे. मला त्या चित्राकडे बघताना दोन्ही वाटतं, तिच्या कर्तबगारीचं कौतुक पण वाटतं आणि त्या खालच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

आता ६९५ ची लढाई. टिकालच्या गादीवर तेव्हा होता हासाव चान काविल, हरलेल्या नून उहोल चाकचा मुलगा. त्याने कालाकमुलला हरवलं आणि त्याची नोंद टिकालच्या एक नंबरच्या मंदिरात, साधारण ४७ मीटर उंचीच्या त्या प्रसिद्ध मंदिरात, दारावरच्या लाकडी तुळईवर कोरून ठेवली. ती तुळई कशाची माहितीये? चिकूच्या लाकडाची. आपला डहाणू-घोलवडचा चिकू मूळ त्याच जंगलातला, ते झाड तिकडून आपल्याकडे आलेलं. ते लाकूड इतकं चिवट की दमट जंगलात तेराशे वर्षं कोरीव काम टिकलं. त्यावर लिहिलंय की कालाकमुलच्या राजाची 'गारगोटी आणि ढाल' खाली पाडली, म्हणजे त्याचं सैन्य मोडलं. आणि विजयाचा सोहळा कधी केला, तर लढाईनंतर चाळीस दिवसांनी, मुद्दाम दिवस निवडून, टिकालच्या राजवंशाचा जो तेओतिवाकान ह्या मध्य मेक्सिकोतल्या बड्या शहराशी जोडलेला पूर्वज होता, त्याच्या मृत्यूला बरोबर १३ कातुन पुरे होत होते त्या दिवशी. म्हणजे इकडे जिंकलेला राजा १३ चा हिशेब करून जुना पूर्वज पुढे आणतोय आणि तिकडे हरलेला राजा तोच १३ घेऊन लांबच्या भविष्याकडे बोट दाखवतोय. कॅलेंडर हे ह्या लोकांच्या राजकारणाचं हत्यार होतं. आपण त्याचं भविष्य-पुराण करून टाकलं.

ह्यावर लोक म्हणतात की अहो पण शिलालेख म्हणजे राजाची फुशारकी, त्यावर किती विश्वास ठेवायचा? प्रश्न रास्त आहे. पण बघा, त्याच शतकात आपल्याकडे शके ५५६ चा ऐहोळेचा शिलालेख आहे, त्यात रविकीर्ती सांगतो की पुलकेशीने हर्षाला हरवलं, आणि आपण तो इतिहास म्हणून वाचतो, स्तुती किती नि खरं किती ते ताडून बघतो, त्याला कोणी गूढ म्हणत नाही. मग ला कोरोनाच्या पायरीला वेगळा न्याय का? उलट माया शिळांचं एक बरं आहे, एका गावची फुशारकी दुसऱ्या गावच्या शिळेवर ताडून बघता येते. ७३८ साली किरिग्वा नावाच्या छोट्या राज्याने कोपानच्या बलाढ्य राजाला, वाशाकलाहुन उबाह काविलला, पकडून त्याचं मुंडकं उडवलं. किरिग्वाच्या शिळा हे पुन्हा पुन्हा सांगतात. आणि कोपान? कोपान ते नाकारत नाही, फक्त शब्द बदलतो, आमचा राजा गारगोटी आणि ढालीने गेला, म्हणजे लढताना गेला. घटना एकच, दोन तोंडं. ज्याने मारलं त्याला तेरा वर्षांपूर्वी गादीवर ह्याच कोपानच्या राजाने बसवलं होतं हेही त्याच शिळांवरून कळतं. आणि मग किरिग्वाने, ज्याच्या हातात मोतागुआ नदीची जेडची वाट आली, ७७१ मध्ये साडेदहा मीटर उंचीची शिळा उभी केली, माया जगातली सगळ्यात मोठी, एवढ्याशा गावाने. काल आपण कोण होतो हे विसरायला लावायचं असलं की मोठा दगड लागतो.

तर ही गूढाची गोष्ट आली कुठून? खूप वर्षं, म्हणजे साधारण १९५० पर्यंत, मॉर्ली आणि एरिक थॉम्पसनसारखे मोठे अभ्यासक सांगत होते की माया म्हणजे शांतताप्रिय पुजारी, आकाशाकडे बघत तारखा मोजणारे, शिळांवर फक्त तारखा आणि देव आहेत, माणसांची नावं नाहीतच. १९४६ मध्ये बोनाम्पाक ह्या माया शहरातली भित्तिचित्रं बाहेरच्या जगाला कळली, तिथे भिंतभर लढाई रंगवलेली आहे, पायऱ्यांवर बसवलेले कैदी, त्यांच्या बोटांतून गळणारं रक्त. तरी समज पटकन बदलला नाही. मग १९५२ मध्ये लेनिनग्राडमध्ये बसून युरी क्नोरोझोव्हने दाखवलं की ही चिन्हं उच्चारांची आहेत, वाचता येतील, थॉम्पसनने ते शेवटपर्यंत मानलं नाही. १९५८ मध्ये हाइनरिख बर्लिनने राज्यांची चिन्हं ओळखली. आणि १९६० मध्ये तातियाना प्रोस्कुरियाकॉफ, मूळची आर्किटेक्ट बाई, तिने पिएद्रास नेग्रासच्या शिळांच्या तारखा गटागटाने मांडून बघितल्या आणि तिच्या लक्षात आलं की कुठलाही गट एका माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब जात नाही. जन्म, राज्यारोहण, मृत्यू. देवांच्या तारखा नाहीत, माणसांच्या आहेत. एवढं साधं निरीक्षण, पण त्याने दगडांवरचे लोक जिवंत झाले. मला ह्या बाईबद्दल फार आदर आहे.

म्हणजे १९६० लाच ह्या गूढाचा पाया गेला होता आणि आपण साठ-पासष्ट वर्षांनी तेच दळण दळतोय. पालेंकेच्या पाकाल राजाच्या शवपेटीचं झाकण दाखवून 'हा अंतराळवीर' म्हणणारे व्हिडिओ बघा. हा पाकाल १२ वर्षांचा असताना ६१५ मध्ये गादीवर आला, त्याच्या चारच वर्षं आधी साप घराण्याने पालेंके लुटलं होतं, त्या मोडक्या गावाला ह्या मुलाने ६८ वर्षं राज्य करून उभं केलं. त्याला तुम्ही रॉकेटमध्ये बसवलंत की त्याची ही सगळी धडपड गेली. आणि आपल्याकडचे फॉरवर्ड, मयासुराचे वंशज म्हणजे माया, त्यांना बांधकाम आपण शिकवलं! 'माया' हे नाव मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातलं, मायापान ह्या शहराच्या नावाशी जोडलेलं, संस्कृतशी त्याचा काडीचा संबंध नाही. मला माहितीये हे पाठवणाऱ्यांना आपल्या संस्कृतीचा अभिमान असतो, पण दुसऱ्याच्या घामावर आपलं नाव घालण्यात कसला अभिमान? परग्रहवासी काय आणि मयासुर काय, दोन्हींतून एकच निघतं, की ह्या लोकांनी हे स्वतः केलं असणं शक्य नाही.

आणि काही गूढ तर चक्क चोरांनी तयार केलंय. ज्या ला कोरोनाबद्दल वर बोलले ती जागा १९९० च्या दशकापर्यंत कुठे आहे हेच अभ्यासकांना माहीत नव्हतं. कारण १९६० च्या दशकात तिथले कोरीव दगड करवतीने कापून विकले गेले, परदेशातल्या संग्रहांमध्ये ते सापाचं चिन्ह असलेले तुकडे दिसायचे आणि ते कुठल्या गावचे कोणालाच सांगता येईना, म्हणून त्या अज्ञात गावाला नाव दिलं 'साइट क्यू', स्पॅनिशमध्ये 'के' (Qué) म्हणजे 'कोणतं', त्यावरून. २००५ मध्ये तिथे जागेवरच एक कोरीव फलक सापडला आणि कोडं सुटलं. आणि २०१२ मध्ये जे २२ दगड मिळाले त्यातले १० चोरांनी झिजलेले म्हणून फेकून दिलेले होते आणि १२ त्यांच्या हाती लागले नव्हते. तो हरलेल्या राजाचा दौरा आपल्याला कळला तो चोरांच्या तावडीतून सुटला म्हणून. जे विकले गेले त्यातले कितीतरी दगड आजही बाहेरच्या म्युझियममध्ये आहेत आणि माझं स्पष्ट मत आहे की ते ग्वातेमालाला परत गेले पाहिजेत.

आता शेवटाचा प्रश्न, 'मग एवढी शहरं ओस का पडली?' हल्ली उत्तर मिळतं, दुष्काळ. दुष्काळ पडले हे खरंच आहे, तळ्यांच्या गाळात आणि गुहांमध्ये ठिबकून साचलेल्या चुनखडीच्या थरांमध्ये त्याच्या खुणा आहेत, नवव्या-दहाव्या शतकातले भयंकर दुष्काळ. पण दोस पिलास पडलं ७६१ मध्ये, त्या मोठ्या दुष्काळांच्या आधी. आणि युकातानचा उत्तर भाग तर दक्षिणेपेक्षा कोरडा, तिथे चिचेन इत्झा त्याच नवव्या शतकात भरभराटीला आलं. म्हणून नुसता पाऊस पडला नाही एवढ्याने माझं समाधान होत नाही. २०१८ मध्ये उत्तर ग्वातेमालाचं लेझरने केलेलं हवाई सर्वेक्षण प्रसिद्ध झालं, २१०० चौरस किलोमीटरमध्ये ६१ हजारांहून जास्त बांधकामं, आणि त्यावरून अंदाज असा की मधल्या सखल भागात सातव्या-आठव्या शतकात ७० लाख ते १ कोटी १० लाख लोक राहत असावेत. एवढी माणसं, एवढी शेती, आणि वर पन्नास-साठ दरबार, प्रत्येकाला पाऊस आपणच आणतो असं सांगायचंय, प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा मोठी शिळा पाहिजे. आठव्या शतकाच्या मध्यावर कालाकमुलचा दरारा गेला, टिकालचाही फार टिकला नाही, आणि मग मांडलिक होते तेही स्वतःला पवित्र राजा म्हणवायला लागले. राजे वाढले, युद्धं वाढली, पोशिंदे तेवढेच.

दोस पिलासला उत्खनन करणाऱ्यांना काय दिसलं ते ऐका. शेवटच्या दिवसांत उरलेल्या लोकांनी मधल्या चौकात झोपड्या टाकल्या आणि भोवती तटबंदी घातली, घाईघाईने, जे दगड मिळतील ते लावून. दगड कुठले, तर राजवाड्याचे, मंदिरांचे, आणि राजाच्या त्या कोरीव जिन्यावरूनसुद्धा ती तटबंदी गेलीये. कवट्यांचे डोंगर, रक्ताची तळी, सगळी फुशारकी, त्याच्यावर लाकडाच्या कुंपणाचा पाया. जवळचं आग्वातेका शहर त्यानंतर साधारण ८१० च्या सुमारास जाळलं गेलं, तिथे घरात जातं तसंच, भांडी तशीच, शंखावर कोरायचं काम अर्धवट, लोक हातातलं टाकून पळालेले. आणि कोपानला एक वेदी आहे, ८२२ सालची, एका बाजूला नवा राजा उकित तोक आपल्या आधीच्या राजाकडून सत्तेची खूण घेतोय असं पूर्ण कोरलंय, दुसरी बाजू नुसती सुरू केलेली, उरलेल्या दोन बाजू कोऱ्या. कारागीर छिन्नी ठेवून उठला तो परत आलाच नाही. ह्या कोऱ्या बाजू मला कुठल्याही पिरॅमिडपेक्षा जास्त सांगतात. त्या कारागिराला कोणी मारलं असेल असं नाही, बहुतेक तो आपल्या शेताकडे गेला असेल, कारण राजासाठी कोरायचं कारणच उरलं नव्हतं.

एक मान्य करते, की हे असं लिहिलं की माया म्हणजे नुसते रक्तपिपासू असं वाटू शकतं, सिनेमावाल्यांनी तेही केलेलंच आहे. ते क्रूर होते तेवढेच जेवढे त्या काळातले कुठलेही राजे. आणि त्यांच्यात वेगळं करून बघणारेही होते. राजाचं मुंडकं गेल्यावर कोपानमध्ये एक चटईच्या नक्षीची इमारत उभी राहिली, राजाने सरदारांच्या सभेबरोबर बसून कारभार करायचा तो प्रयोग होता असं काही अभ्यासक मानतात. चिचेन इत्झामध्ये तर एकट्या राजाचा उदो उदो करणाऱ्या शिळा उभ्या करायची पद्धतच जवळजवळ दिसत नाही. ही माणसं शिकत होती, चुकत होती, परत करून बघत होती.

आणि ती आहेत. मला खरं ह्यासाठी लिहायचं होतं. शेवटचं स्वतंत्र माया राज्य, सरोवरातलं नोहपेतेन, स्पॅनिशांनी घेतलं ते १३ मार्च १६९७ ला, आपल्याकडे तेव्हा राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात होते. म्हणजे 'नवव्या शतकात नाहीशी झालेली संस्कृती' औरंगजेबाच्या काळापर्यंत राज्य करत होती! त्यांची पुस्तकं १५६२ मध्ये युकातानमधल्या मानी ह्या गावात दिएगो दे लांदा नावाच्या पाद्र्याने जाळली, आज फक्त चार उरलीयेत, आणि हे जे आपल्याला 'माहीत नाही' त्यातलं बरंचसं त्या आगीत गेलंय. ग्वातेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत ४१.७ टक्के लोकांनी स्वतःला माया म्हणून नोंदवलं, ६२ लाख माणसं, आणि तिथे २२ माया भाषांना मान्यता आहे. १९६० ते १९९६ तिथे यादवी युद्ध चाललं, दोन लाखांवर लोक मेले किंवा बेपत्ता झाले, आणि सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये सांगितलं की ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. २०१३ मध्ये इशिल माया लोकांच्या वंशसंहाराबद्दल माजी लष्करशहा रिओस मोंत दोषी ठरला, इशिल बायकांनी कोर्टात उभं राहून साक्षी दिल्या, आणि दहाच दिवसांत तो निकाल वरच्या कोर्टाने रद्द केला. २०१२ च्या डिसेंबरात, जेव्हा आपण कॅलेंडरच्या गोष्टी सांगत होतो, तेव्हा त्या बायका न्यायाची वाट बघत बसल्या होत्या. आणि आपण म्हणत होतो माया गायब झाले.

माझी भाची आता कॉलेजात आहे. परवा तिला ला कोरोनाच्या पायरीचा फोटो दाखवला आणि सगळं सांगितलं, त्या राजाचा दौरा, १३ चा हिशेब. तिने विचारलं, मग त्या २१ तारखेला तिकडे काय झालं? तिकडे ग्वातेमालाच्या डोंगरात मोमोस्तेनांगोसारख्या गावांमध्ये दिवस मोजणारे लोक अजून आहेत, २६० दिवसांचं चक्र, राजे आले नि गेले तरी न तुटलेलं. त्यांच्या मोजणीत २१ डिसेंबर २०१२ चं नाव राजाच्याच दिवसाचं होतं, जुन्या भाषेत ४ अहाव. २२ तारखेला ५ इमोश आला.